धायरी ते स्वारगेट, जडत्वासह परत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून माझा विज्ञानाचा वर्ग हाकलला गेला, त्याला कारण एक चाकांची खुर्ची. खरं म्हणजे कारण मीच, पण खुर्चीचं नाव आधी घेतलं की माझी थोडी अब्रू शिल्लक राहते.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना प्रयोगांतून बल आणि गती शिकवायला लागलो. शिकवा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोचा तर उघड विरोध होता. "घरात दिवसभर मला शिकवता, ते पुरत नाही का?" असा तिचा प्रश्न. पण जन्मभर यंत्रांचे आराखडे काढल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला काहीतरी येतं, आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय जेवण पचेनासं होतं. मुलंही येत. काही आईबापांनी खाली पिटाळलेली, काही बायकोच्या चिवड्यावर डोळा ठेवून आलेली. ग्लासवर पत्ता, पत्त्यावर नाणं, पत्त्याला टिचकी, की नाणं ग्लासात. चपलेला दोरी बांधून फरशीवर ओढायची, मग फरशीवर टाल्कम पावडर टाकून पुन्हा ओढायची, घर्षण कमी झालेलं हाताला कळतं. ती पावडर पुढे लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एका आजींच्या देवघरापर्यंत पोचली, तो भाग प्रयोगात नव्हता.

मग आला गतीचा तिसरा नियम. क्रियेइतकीच प्रतिक्रिया. त्यासाठी मी घरातली टेबलापाशी वापरायची चाकांची खुर्ची खाली आणली, तिच्यात बसलो, मांडीवर तांदळाची भरलेली पिशवी घेतली आणि समोर उभ्या असलेल्या पोरांकडे जोरात फेकली. पिशवी पुढे, खुर्ची मागे. नियम खरा ठरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून पार्किंगला उतार दिलेला असतो. हे मला न ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच उतारावरून मी बिल्डरशी भांडलो होतो. खुर्ची मागे गेली, आणखी मागे गेली, मग तिने वेग घेतला आणि सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या दाराला जाऊन भिडली. सेक्रेटरी गॅलरीत चहा पीत उभे होते. त्यांनी वरूनच विचारलं, "आपण शिकवताय की शिकताय?"

क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते असं मी मुलांना सांगत होतो. सेक्रेटरींची जास्त होती. पुढच्या रविवारपासून पार्किंग बंद.

माझ्या वर्गात एक आठवीतली मुलगी होती. बाकीची मुलं प्रयोग झाला की हसायची आणि विसरायची. ही हसायची नाही. "असंच होईल हे कशावरून?" हा तिचा आवडता प्रश्न, आणि तो ती प्रयोगाच्या आधीही विचारायची, नंतरही. पावडर टाकल्यावर चप्पल सहज सरकली, तेव्हा हिने विचारलं, "सर, चप्पल उलटी ठेवली तर?" मी म्हटलं, तेच होईल. तेच झालं नाही. थोडक्यात, मला ती आवडायची आणि तिची भीतीही वाटायची.

पार्किंग बंद झालं त्याच आठवड्यात तिची आई आमच्या घरी आल्या. अकोल्याकडच्या, सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात अधिकारी, बदलीवर पुण्यात आलेल्या. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

"सर, स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी कोचिंग क्लास बघितलाय. फाउंडेशन बॅच. रविवारी सकाळीच असते. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारपासून सुरू. ती ऐकतच नाही. म्हणते सरांचा वर्ग सोडणार नाही. दोन दिवस जेवली नाही धड."

मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पाणी प्यायलो.

"तुम्ही काय शिकवता ते मी एकदा बघते," त्या पुढे म्हणाल्या. "पटलं तर ठीक. नाही पटलं तर तुम्हीच तिला समजावून सांगायचं, की कोचिंगला जा. तुमचं ऐकेल ती."

बायको आतून चहा घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "बघायला या जरूर. फक्त ह्यांच्या समोर उभ्या राहू नका. मागेही नको."

आता पार्किंग नाही, गच्चीवर सौर पॅनल, बागेत 'खेळू नये'. वर्ग घ्यायचा कुठे? तेव्हा मला ती कल्पना सुचली. जडत्व शिकवायला शहराच्या बससारखी प्रयोगशाळा नाही. आमच्या धायरीहून स्वारगेटला जाणारी बस घ्या. सुटते तेव्हा सगळे मागे जातात, थांबते तेव्हा सगळे पुढे जातात, वळते तेव्हा शेजारच्याच्या मांडीवर जातात. ह्याला जडत्व म्हणतात, हे कळायला नुसतं उभं राहायचं. सामान म्हणून मी दोरीला बांधलेला ओळंबा घेतला, गवंडी भिंत सरळ आहे का पाहतात तो, आणि घरातली परात आणि एक मोठी गोटी.

"संध्याकाळी कणीक मळायची आहे," बायको म्हणाली. "तोपर्यंत परातीचं विज्ञान आटपा."

रविवारी सकाळी आम्ही बसमध्ये चढलो. मी, पाच-सहा मुलं, ती मुलगी आणि तिची आई. आई बायकांच्या जागेवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. तपासणीला आलेलं माणूस जसं बसतं, तसंच. मी वरच्या दांडीला ओळंबा बांधायला लागलो तशी कंडक्टर आली. तरुण बाई, खांद्याला तिकिटाचं मशीन.

"हे काय?"

"ओळंबा."

"भिंत बांधताय का?"

"प्रयोग आहे. जडत्वाचा."

"तिकिटं काढा आधी. जडत्व नंतर."

बस सुटली. ओळंबा मागे गेला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, ओळंबा पुढे आला आणि एका उभ्या प्रवाशाच्या कानशिलापासून बोटभर अंतरावर थांबला. मुलं आनंदाने ओरडली. प्रवासी ओरडला, पण आनंदाने नाही. मी ओळंबा सोडून खिशात घातला आणि परात काढली. परातीत गोटी ठेवली. वडगावच्या अलीकडे एक खड्डा आला, गोटी परातीतून उडाली आणि बसच्या फरशीवर पडली.

मला वाटलं, संपलं. पण तिथून पुढे जे झालं ते मी ठरवूनही करू शकलो नसतो. बसने वेग घेतला की गोटी गडगडत पार मागे. ब्रेक लागला की गडगडत ड्रायव्हरच्या पाठीशी. लोक पाय वर घ्यायला लागले. पिशव्या उचलायला लागले. एक आजोबा मांडीवर मळ्यातल्या मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते, ते दर वेळी पुकारायला लागले, "आली! गेली! आली परत!" थोड्या वेळाने अर्धी बस सिग्नलकडे बघून आधीच सांगत होती, गोटी आता पुढे येणार. राजाराम पुलाच्या सिग्नलला ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, गोटी पुढे धावली, आणि मी काही बोलायच्या आत त्या मुलीच्या आई चक्क पाय उचलून म्हणाल्या, "आली बापा!" आणि हसल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. म्हणजे, बघ, सरांनी काम फत्ते केलं.

स्वारगेटला उतरलो. मुलांना उसाचा रस पाजला. आई म्हणाल्या, "बरं आहे तुमचं. पुस्तकात 'वस्तू आपली स्थिती बदलू इच्छित नाही' असं पाठ केलं होतं आम्ही. वस्तूला इच्छा कशी असते ते कोणी सांगितलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "विचार करते मी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. रस प्यायचा, बस पकडायची, घरी यायचं. माझ्या बायकोचं मत आहे की माझ्या आयुष्यातल्या सगळ्या अडचणींना हे एकच वाक्य लागू पडतं, इथे मी गप्प बसायला हवं होतं.

स्टँडच्या बाहेर एक फुगेवाला उभा होता. साधे नव्हे, गॅसचे फुगे, दोरी सोडली की आभाळात जाणारे. मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"सर, फुगापण मागे जाईल का?"

"कोणता?"

"गॅसचा. बस सुटल्यावर. गोटी मागे जाते, आपण मागे जातो. तोपण मागे?"

"अर्थातच."

"पण तो बाकीच्यांसारखा नाही ना. सगळं खाली पडतं, तो वर जातो. मग बाकीचे मागे गेले तर तो पुढे जाईल, असं नसेल?"

खरं सांगायचं तर ह्यावर मी कधी विचारच केला नव्हता. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द आमच्या भागात कोणी जाहीरपणे उच्चारत नाही. इथे पत्ता विचारला तरी माणूस माहीत नाही म्हणत नाही, 'तिकडे कशाला जाताय?' असं विचारतो. शिवाय आई शेजारीच उभ्या होत्या.

"वर-खाली वेगळं आणि मागे-पुढे वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या भारदस्तपणे म्हणालो, की क्षणभर मलाही ते पटलं. "जडत्वाला अपवाद नाही. फुगा मागेच जाणार."

"आणि पुढे गेला तर?"

"पुढे गेला," मी हसून आईंकडे पाहत म्हणालो, "तर तू खुशाल कोचिंगला जा. मीच तुला सोडायला येईन."

आईंनी भुवया उंचावल्या. मुलीचा चेहरा मात्र एकदम बदलला. मी तो पाहिला, पण कशामुळे ते लक्षात यायला मला अर्धा सिंहगड रस्ता लागला.

"नको सर," ती घाईघाईने म्हणाली. "फुगा नको. महाग देतो तो. आणि फुटेल."

"फुटत नाही."

"मला नाही बघायचं."

"विज्ञानात बघितल्याशिवाय काही नाही," मी म्हणालो आणि लाल फुगा घेतला. असा मूर्खपणा माणूस फार उत्साहात असतानाच करतो.

परतीला तीच बस, तीच कंडक्टर. तिने मला पाहिलं, मग फुगा पाहिला.

"आता ह्याचं काय?"

"ह्याचं तिकीट लागतं का?" एका मुलाने विचारलं.

"वय काय त्याचं?" ती म्हणाली. "गोटी घेतलीत का खालून? माझ्या पायाखाली आली असती तर जडत्वासकट खाली गेले असते मी."

मेथीवाले आजोबाही परत आले होते. मेथी नव्हती, बहुधा ती कुणाकडे तरी पोचती करून आले होते. मला पाहून त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, "हे बघा, हे ते गोटीवाले."

मुलगी खिडकीपासून दूर, आईच्या शेजारी बसली. फुग्याची दोरी मी तिच्याच हातात दिली. आखूड धरायची, म्हणजे फुगा छताला टेकणार नाही, मध्येच तरंगत राहील. मी मुलांना सांगितलं, बघा हं, आता मागे.

बस सुटली. सगळे मागे गेलो. फुगा पुढे गेला.

अंमळ नव्हे, चांगला पुढे. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टकलाला जाऊन टेकला. त्याने वळून पाहिलं. ब्रेक लागला, आम्ही सगळे पुढे, फुगा मागे, मुलीच्या नाकावर.

"सर," एक मुलगा म्हणाला, "तो उलटा चाललाय."

तेवढ्यात ती मुलगी मोठ्याने म्हणाली, "वारा आहे सर! खिडक्या उघड्या आहेत."

किती गुणी मुलगी, माझ्या मनात आलं. आणि मी ती काडी घट्ट पकडली. "बरोबर! वाऱ्यामुळे. खिडक्या बंद करा."

आता ऑक्टोबर महिना, दुपारचे बारा वाजत आलेले, बस भरलेली. मी एकेका सीटपाशी जाऊन लोकांना खिडक्या बंद करायला सांगायला लागलो.

"का?"

"प्रयोग आहे."

"आम्हाला उकडेल तोही प्रयोगात धरलाय का?"

"दोनच मिनिटं."

"अहो, आपण शाळेत आहात का बसमध्ये, ते आधी ठरवा."

आजोबांनी मात्र माझी बाजू घेतली. "करा हो बंद. फुग्याचा निकाल लागू दे. नाहीतरी घरी जाऊन काय करायचंय?" लोक कुरकुरले, पण खिडक्या खाली आल्या. निकालाची उत्सुकता आमच्या लोकांना उकाड्यापेक्षा मोठी असते. एकजण पुढून ओरडला, "कंडक्टर, डबल द्या लवकर, वाफ निघायला लागली!"

डबल बेल वाजली. बस सुटली. खिडक्या बंद झाल्यावर तर फुग्याने काही शंकाच ठेवली नाही. तो शांतपणे, सरळ, टकलाकडे गेला.

बसमध्ये एक आवाज उठला. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाल्यावर उठतो तसा. बाद मी होतो.

राजाराम पुलाशी पुन्हा सिग्नल लागला, पुन्हा बस सुटली. आणि ह्या वेळी फुगा मागे आला. मी "हां!" असं ओरडणार होतो, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "ए पोरी, दोरी का ओढतेस?"

मुलीचा हात पोटाशी होता. दोरी मुठीत गुंडाळलेली.

आईंनी तिच्याकडे पाहिलं. "काय करू राहिली तू?"

"काही नाही."

"ओढलीस तू. पायलं मी. काऊन ओढली?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्याकडेही पाहिलं नाही. आणि मग, उशिरा का होईना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुगा पुढे जाणार हे हिला स्वारगेटलाच वाटत होतं. तो पुढे गेला की हिचा वर्ग गेला, आणि ते मीच रस पिता पिता जाहीर केलं होतं. म्हणून फुगा नको म्हणत होती. म्हणून वारा. म्हणून दोरी. मला खरं ठरवण्यासाठी ही पोरगी डोळ्यांसमोरची गोष्ट खोटी करत होती, आणि मी खिडक्या लावत फिरत होतो.

"सोड," मी म्हणालो. "मूठ उघड. फुगा पुढेच जातो."

"पण सर..."

"पुढेच जातो. तू म्हणालीस तसाच. मी चुकलो."

"मग का जातो?" मघाचा मुलगा म्हणाला. मुलांना दया नसते.

अख्खी बस माझ्याकडे बघत होती. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हणालो, "माहीत नाही."

"मोठ्याने बोला, इकडे ऐकू आलं नाही!" मागून कोणीतरी म्हणालं.

"माहीत नाही!" मी ओरडलो.

"मग खिडक्या उघडा!" अर्ध्या बसने एका सुरात उत्तर दिलं.

"थांबा, थांबा," मुलगी म्हणाली. "उघडू नका. एक मिनिट."

आवाज बदलला होता तिचा. तिने दोरी माझ्या हातात कोंबली आणि आईच्या पर्समधून पाण्याची बाटली काढली. प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी, जवळजवळ भरलेली. झाकण घट्ट करून ती तिने मांडीवर आडवी धरली, एक टोक ड्रायव्हरकडे, एक मागे. पाण्यात वरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा इकडेतिकडे करत होता.

"आई, पाय नं, बघ बुडबुडा. बस सुटली की पाय."

बस सुटली. बुडबुडा पुढे पळाला.

"पाणी मागे गेलं," ती म्हणाली. "पाणी जड आहे, ते मागे गेलं, मग बुडबुड्याला मागे जागाच नाही, तो पुढे ढकलला गेला. सर, बसमध्ये हवा आहे. खिडक्या बंद आहेत. हवापण मागे गेली. फुगा हवेपेक्षा हलका आहे. तो पुढे ढकलला गेला. तो काही जडत्व मोडत नाहीये. बाकीच्यांचं जडत्व जास्त आहे."

"म्हणजे गर्दी मागे सरकली की किडमिडीत माणूस आपोआप माझ्या अंगावर येतो, तसं?" कंडक्टर म्हणाली.

"हो, तसंच!"

"मग हे माहीत होतं मला," कंडक्टर म्हणाली आणि तिकिटं द्यायला पुढे गेली.

बाटली आधी आईंनी हातात घेतली. मग आजोबांनी मागितली. मग पुढच्या टकलाच्या मालकाने, कारण सगळ्यात जास्त सोसलं होतं त्याने. बाटली बसभर फिरली. वळणावर बुडबुडा कुठे जातो यावर मागच्या बाकावर वाद लागला, आणि ज्याने बाहेरच्या बाजूला जाणार म्हणून ठासून सांगितलं होतं तो बुडबुडा आतल्या बाजूला गेल्यावर म्हणाला, "बाटली वाकडी धरली होती तुम्ही." मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

खिडक्या उघडल्या. वारा आला. मुलगी अंग चोरून बसली, कारण फुग्याचा निकाल लागला होता आणि वर्गाचाही. ती आईकडे बघत नव्हती. मीही बघत नव्हतो. मी फुग्याकडे बघत होतो, तो उघड्या खिडक्यांत आता खरोखरच वाऱ्याने हेलकावत होता.

धायरी आली. आम्ही उतरलो. मुलं फुगा घेऊन पुढे पळाली. स्टॉपपासून सोसायटीपर्यंतच्या रस्त्यावर आम्ही तिघंच मागे राहिलो.

"मॅडम," मी घसा साफ करून म्हणालो, "मी शब्द दिला होता. फुगा पुढे गेला. तेव्हा..."

"तेव्हा काय?" आई थांबल्या. "माझ्या मुलीने कुठे जायचं ते फुग्यावर ठरवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मला विचारलं होतं का?"

"नाही."

"मग तो शब्द तुमच्यापाशीच ठेवा." त्या दोन पावलं चालल्या आणि पुन्हा थांबल्या. "दोरी ओढत होती ती. कळलं ना तुम्हाला? वर्ग जाऊ नये म्हणून. जन्मात मी तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी मी ठरवलं होतं, आजच्या आज बंद. जिथे पोरगं सरांना बरं वाटावं म्हणून दिसतंय ते नाही म्हणतं, तिथे पाठवायचं कशाला? ते शिकायला बाहेर जागा कमी आहेत का? ऑफिसात रोज बघते मी."

मी परात ह्या काखेतून त्या काखेत घेतली.

"मग तुम्ही माहीत नाही म्हणालात," त्या म्हणाल्या. "आणि हिने माझी बाटली काढली. तुम्ही आधी म्हणाला असतात तर खिडक्या लावायची वेळ आली नसती. पण म्हणालात."

"लोकांनी दोनदा म्हणायला लावलं, आई," मुलगी म्हणाली.

"ऐकलं मी. कोचिंगची शनिवारची बॅच आहे का विचारते. शनिवारी तिकडे, रविवारी इकडे. पण कोचिंगला बुट्टी मारलीस तर इकडचंही बंद."

मुलगी रस्त्यातच उडी मारणार होती, पण मागून रिक्षा आली म्हणून आईंनी दंड धरला.

"आणि सर, तुमच्यासाठी दोन अटी," आई म्हणाल्या. आता त्या पूर्ण अधिकारी झाल्या होत्या. "एक, ह्यापुढे पैज नाही. कसलीही नाही. दोन, जो प्रयोग मुलांना दाखवायचा तो आधी घरी करून बघायचा."

"मान्य," मी म्हणालो. मी त्या वेळी काहीही मान्य केलं असतं.

"दुसरी नको," मुलगी म्हणाली.

"का?"

"आई, सरांना आधीच माहीत असलं ना, की ते खूप बोलतात. मग आम्हाला करायलाच मिळत नाही. आज त्यांना माहीत नव्हतं म्हणून गप्प बसले."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "दुसरी अट रद्द."